लोट्यावरच्या खुणा

तुम्ही हसाल, पण सांगतो. तेव्हा दवाखान्यातून पातळ औषध न्यायचं तर बाटली आपलीच लागायची. माझी बायको सकू चार दिवस तापानं पडून होती. मी पितळी लोटा घेऊन दारव्ह्याला गेलो.

कंपाउंडर म्हणाला, "लोट्यात औषध भेटत नाही. बाटली आण."

समोरच्या चहावाल्यानं एक बाटली दिली. "जाताना वापस देजो, भाऊ."

कंपाउंडरनं औषध भरून बाटलीवर सहा खुणांची कागदी पट्टी चिकटवली. "एका टायमाले एक खूण. कमी नाही, जास्त नाही."

मी औषध लोट्यात ओतलं, ओली पट्टी अलगद सोडवून लोट्यावर सरळ चिकटवली आणि बाटली परत केली.

घरी सकूनं लोटा पाहिला. "अवो, पितळेतून औषध दिसते काय तुमाले? खूण मोजू कशी?"

माझं तोंडच उतरलं. ती मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून बसली, सहा वाट्या मांडल्या आणि औषध सारखं वाटून घेतलं.

पुढच्या खेपेला कंपाउंडरनं विचारलं, "काय गा, औषध लागू पडलं काय?"

म्हटलं, "पाजायच्या आधीच, साहेब."