बैठकीतला टेकू

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मुलीच्या आईनं, उमाबाईंनीच बैठकीतल्या वाकलेल्या तुळईखालचा टेकू काढायला लावला. सोयऱ्यांना घराची दैना दिसू नये, म्हणून. मानाची गादी नेमकी त्याच तुळईखाली. मुलगी बघून झाल्यावर पाहुणे देवासच्या टेकडीवर देवीला आले, तेव्हा रांगेत त्यांच्या मागेच शाल पांघरलेल्या उमाबाई होत्या. गोशातल्या बाईला त्या दोघा भावांनी पाहिलंच कुठे होतं!

“दादासाहेब, कशी वाटली मुलगी?”

“रूप चांगलं आहे रे संताजी. पण मान खाली घालीचना! नजर सारखी आढ्याकडे.”

“मला वाटलं, डोळ्यांतच दोष असेल.”

“दोष कसला, मिजास! वर मलाच म्हणते, ‘काकासाहेब, जरा भिंतीकडे सरकून बसा.’ भर बैठकीत!”

“अन् बाप?”

“तो खाली मान घालून सुपारी कातरत होता.”

“मग सरकलात?”

“मी का सरकू? मानाची जागा ती!”

“तर मग धारला पोचलो की नकार कळवतो.”

“कळव. आईचं वळण, दुसरं काय!”

संताजी मागे वळले. “बाई, तुम्ही इथल्याच ना? थोरल्या पातीच्या दरबारातल्या सरनोबतांची मुलगी आहे तरी कशी?”

खरं काय ते उमाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी शाल आणखी खाली ओढली.

“आम्ही परगावच्या, भैया. त्या मुलीला नाही ओळखत.”