मच ऑब्लाइज्ड, मॅडम!

हसा, हसा! कुणी चहा दिला की मी ‘थँक्यू’ऐवजी ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणते. हे जुन्या वळणाचं इंग्रजी मला आमच्या सासऱ्यांनी लावलं. अण्णा इंग्रजीचे मास्तर. लग्न होऊन मी निफाडहून सासरी गंगापूर रोडला आले, तर पहिल्याच सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘‘मच ऑब्लाइज्ड, मॅडम!’’ त्यावर आपण म्हणायचं, ‘‘द प्लेझर इज माइन, सर.’’ त्याशिवाय ते कपाला तोंड लावायचे नाहीत. मला तर रोज तोंडी परीक्षाच!

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ‘‘त्यांच्याशी बोलत राहा.’’ मग रोज चहा देताना त्यांचं वाक्यही मीच म्हणायचे आणि माझंही मीच. ते नुसते बघत राहायचे.

परवा गॅसवर दूध होतं. घाईत मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि काहीच न बोलता वळले. मागून अडखळत आवाज आला, ‘‘मॅ... मॅनर्स, मॅडम!’’

दूध गेलं सगळं उतू. मी डोळे पुसत तिथेच उभी. कसंबसं म्हटलं, ‘‘मच ऑब्लाइज्ड, सर!’’

तेव्हा कुठे अण्णांनी कपाला तोंड लावलं.