सशांची ताटं वेगळी केली तेव्हा

चहा घ्या, पण आधी माझ्या सशिणींचं ऐका. काळी आणि ढवळी, दोघी सख्ख्या बहिणी. एरवी अंगाला अंग लावून झोपायच्या, पण समोर घास पडला की काळी ढवळीवर तुटून पडायची. एकदा तर तिचा कानच फाडला.

सासूबाई म्हणाल्या, "एक देऊन टाक कुणालातरी."

"एकबी जायची न्हाई, आत्याबाई. दोघींची ताटं वेगळी करते."

म्हातारी भडकली. "बहिणीबहिणीत ताटं वेगळी? माझ्या घरात चूल एक, ताटबी एकच!"

ह्याच हट्टापायी मी आणि माझी धाकटी जाऊ लग्न झाल्यापासून एकाच गॅसवर कोपरं मारत स्वयंपाक करतो.

मी ऐकलं न्हाई. खुराड्याच्या दोन टोकांना दोन ताटल्या ठेवल्या, मधी फळी उभी केली. दोघींना एकाच वेळी घास टाकायचा, खाऊन झालं की उरलेला उचलायचा, मगच फळी काढायची. काळीनं फळीला लई धडका दिल्या. मीबी हटले न्हाई.

हळूहळू काळी निवली. एक दिवस फळी काढली, तर ती ढवळीचा तोच फाटका कान चाटत बसली.

म्हातारीनं ते बघितलं आणि म्हणाली, "थोरले, धाकटीला दुसरा गॅस आण. पण जेवणं झाली की तुमी दोघींनीबी फळी काढायची!"