टरटरणारे स्पीकर

खोटं बोलला असता, तर कॉलेज रोडच्या त्या दुकानदाराला नव्या स्पीकरमागे दीडशे रुपये सुटले असते. माझ्यापुढे एक नवरा-बायको आपले कॉम्प्युटरचे स्पीकर घेऊन उभे होते.

“मधूनच टर्र टर्र करतात हो. नवेच द्या.”

“साहेब, स्पीकर ठणठणीत आहेत. जवळ मोबाइल असला की फोन यायच्या आधी असे टरटरतात.”

“आमच्या घरात मोबाइल नाही!”

“अहो, विकलात ना? त्या शेअरच्या दलालाचे फोन नकोत म्हणून?”

“विकलाच की, इंदिरा.”

“मग कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण कुलपात का असतो?”

“ऑफिसचे कागद असतात गं.”

“वहिनी, नवे दाखवू?”

“नको भाऊ, हेच बरे. खरं बोलतात.”

“तपासणीचे वीस रुपये.”

वीस रुपये साहेबांनी दिले. खणाची किल्लीही त्यांच्याच खिशातून निघाली.