किमान चार जीबी

...नाही नाही, कोडच्या सर्व्हरला चार जीबी कुणी सांगितलं तुम्हाला? माहितीपत्रकात आहे, हो, आहे — 'किमान दोन कोअर, चार जीबी मेमरी' — पाठ आहे मला. पण मॅडम, किमान म्हणजे काय? किमान म्हणजे जीव जाणार नाही इतकंच. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, डगमगते, ही घ्या. तुमच्या विभागात माणसं किती? चाळीस. चाळीस माणसं दिवसभर कोड पाठवणार, एकमेकांचा तपासणार, खाली शेरे लिहिणार — आठ तरी लिहा, सोळा लिहिलंत तर दुवा देईन. आणि बॅकअप त्याच मशीनवर नको, त्याच खोलीतही नको. एकदा तोंड पोळलंय माझं, म्हणून फुंकून प्या म्हणतोय.

आमच्या विभागाचाही होता ना असा सर्व्हर, आपला आपण सांभाळू म्हणून हौसेनं बसवलेला — मीच बसवला. जुनं मशीन, एकच डिस्क, बॅकअपही तिच्यावरच. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावायचं, तसं. आमच्यात एक मास्तर होते — शिक्षक नव्हे हो, प्रोग्रामरच, पण कुणाचाही कोड तपासताना असं समजावून लिहायचे की सगळे मास्तरच म्हणायचे. "बाळा, इथे घाई झालीय तुझी. मीही असाच चुकलो होतो, थांब, सांगतो" — असं, कोडच्या ओळीखाली! नऊ वर्षं लिहिलं. मग एका रविवारी गेले, हार्ट अटॅक. आणि चार महिन्यांनी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, डिस्क गेली.

कोड? कोड मिळाला, सगळा मिळाला, प्रत्येकाच्या मशीनवर त्याची प्रत असतेच. साहेब खूश — "काहीच गेलं नाही!" गेलं नाही कसं? शेरे नुसते सर्व्हरवर असतात, ते कुणाकडे उतरत नाहीत. मास्तरांची नऊ वर्षं — साफ.

पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी आली. इथेच बसली होती, तुम्ही बसलाय तिथे. "काका, बाबा घरी फार बोलायचे नाहीत. इथे मात्र खूप लिहायचे म्हणे. छापून मिळेल?" काय सांगू मी? म्हटलं, बेटा, डिस्क अचानक गेली. यंत्रच ते, सांगून थोडंच बिघडतं!

सांगून बिघडलं होतं, मॅडम. तीन आठवडे रोज सकाळी त्या मशीनचाच मेल येत होता — डिस्क खराब होतेय, बदला. वाचत होतो ना. वाचून बाजूला सारत होतो. का? का म्हणजे... कंटाळा. दुसरं काय? मशीन बंद ठेवा, सगळ्यांची बोलणी खा, बावीस वर्षं तेच करतोय — म्हटलं, सोमवारी बघू. असे तीन सोमवार गेले.

ती? ती काय म्हणणार? "असू दे काका, तुम्ही तरी काय करणार?" उलट माझीच समजूत घातली पोरीनं. आणि मी मान हलवली. हलवली, मॅडम! नुसतं 'हो ना' म्हणालो.

...हे बायकोलाही बोललो नव्हतो मी. तुमचं आपलं साधं काम होतं, आणि मी कुठच्या कुठे — नाही, काही झालं नाही मला. बरा आहे. तुम्ही या आता.