पलटणीतून आलेली शीळ

हसा खुशाल, पन तवापासून मी शीळ घालत न्हाई.

कारगिलनंतर आमी एकाहत्तरच्या लढाईत कामी आलेल्या आपल्याकडच्या जवानांची माहिती गोळा करून राहिलो होतो. साखऱ्याला सखाराम नावाच्या धनगर जवानाच्या घरी गेलो. घरात एकटी म्हातारी माय. माझ्यासंगं त्याच्याच पलटणीतले, त्याच लढाईत पायात गोळी लागलेले आन शेवटी त्याच्याजवळ असलेले हवालदार होते.

मायनं पहिलंच विचारलं, "शेवटी काय बोलला माझा लेक?"

हवालदार म्हणाले, "बोलला न्हाई, माय. मेंढ्या बोलावल्यावानी शीळ घालत होता." आन त्यांनी तश्शीच शीळ घालून दाखवली.

अंगणात जाळीच्या कुंपणात बसलेल्या साऱ्या मेंढ्या उठल्या आन आमच्याकडं तोंड करून जाळीला भिडल्या.

मी म्हणलं, "माय, ही शीळ घरात कोन घालतं?"

"कोनीच न्हाई. आमच्यात गेलेल्या माणसाची शीळ कुणी घालीत न्हाई. आन ह्या मेंढ्या तर औंदाच इकत आणलेल्या."

मग हवालदारांचा हात धरून म्हातारी हळूच म्हणाली, "रोज दिवस मावळताना ह्या अशाच उठतात, बाबा. शीळ मलाबी ऐकू येती. मला वाटायचं, म्हातारपणी माझेच कान वाजून राहिले."