शोभेचा पूल

(कासा. चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरजचं झेरॉक्सचं दुकान. माघातली दुपार. सुरजची थोरली बहीण जयवंती, जी पाड्याची आशाताई आहे, आणि बाप चिमण, ज्यानं जन्मभर बिगारी काम केलं, जीप भरायची वाट बघत दुकानात टेकले आहेत.)

जयवंती : किती? पुन्हा सांग, नीट ऐकू नाही आलं.

सुरज : आलंय तुला ऐकू.

जयवंती : बाबाला नाही आलं. त्याच्यासाठी सांग.

सुरज : सोळाशे नव्व्याण्णव.

चिमण : कशाचे?

जयवंती : पुलाचे. तुझ्या लेकानं पूल विकत घेतलाय.

चिमण : कुठं?

जयवंती : ह्या लॅपटॉपमध्ये.

सुरज : ताई, गप्प बस ना जरा. बाबा, हा शहर बांधायचा गेम आहे. जुनाच आहे माझ्याकडे. आपण रस्ता टाकायचा, पाणी-लाइट द्यायची, की घरं आपोआप उभी राहतात. त्याचं आता एक्सपान्शन आलंय, म्हणजे पुरवणी. ‘डोंगर आणि नद्या’. जुन्यात छोटे पूल नव्हते, ह्यात आहेत.

चिमण : घरं आपोआप उभी राहतात?

सुरज : हो.

चिमण : बिगारी कोण असतो?

सुरज : बिगारी नाही दाखवत.

चिमण : कडिया? गवंडी?

सुरज : तोही नाही. एक क्रेन दिसते बाबा. ती दोनदा फिरते आणि बिल्डिंग होते.

चिमण : वापीला मी अकरा बिल्डिंगी केल्या. एकबी क्रेननं नाय झाली. ह्या डोक्यावरनं झाल्या. घमेल्याखाली केस गेले माझे, आन तुझी क्रेन दोनदा फिरती!

जयवंती : तरी बाबा, त्यानं तुला थोडक्यात सोडलं. मला आधी अर्धा तास रस्तेच दाखवत होता. चार पदरी, सहा पदरी. म्हटलं, आपल्या पाड्याला अर्धा पदर तरी द्या.

सुरज : अगं, पाड्यासाठीच तर घेतलं! उद्या बांधकाम खात्याचे साहेब येतायत ना मोरीची, म्हणजे आपल्या छोट्या पुलाची जागा पक्की करायला? नाल्यावर जीप जाईल एवढी मोरी हवी, हे आपण दरवर्षी तोंडानं सांगतो. ह्या वेळी मी पाडा बनवून दाखवणार होतो. सॅटेलाइटवरून जमिनीचा चढउतार घेतला. हा बघ नाला, ही चिंच, ही आपली घरं. चिंचेपाशी पूल टाकला की कसं दिसेल ते साहेबांना डोळ्यांनी दिसलं असतं.

जयवंती : मग दाखव की. ‘असतं’ कशाला?

सुरज : पूल चालत नाही.

जयवंती : म्हणजे?

सुरज : छोटा पूल शोभेचा आहे. माणसं त्याच्यापर्यंत येतात आणि परत फिरतात. चालायचा पूल हवा तर कमीत कमी चार पदरी घ्यावा लागतो.

जयवंती : अगंबाई! मग हुबेहूब आपलाच पाडा आहे की. आपल्याकडेही तीन वर्षं ‘मोरी मंजूर’ असा नुसता बोर्ड उभा आहे. माणसं येतात, वाचतात, परत फिरतात.

सुरज : हस तू.

जयवंती : हसू नको तर काय करू? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि घेण्याआधी कुणाला विचारायचं नाही का?

सुरज : लोकांनी लिहिलंय ना खाली. एकानं लिहिलंय, ‘चित्रात दाखवलेला पूल फक्त चित्रातच आहे, घेऊ नका.’ चारशे जणांनी त्याला बरोबर म्हटलंय.

जयवंती : हे तू कधी वाचलंस?

सुरज : घेतल्यावर.

जयवंती : वा! इथे अख्ख्या तालुक्याचे फॉर्म भरतोस. आलेल्या प्रत्येक माणसाला सांगतोस, ‘मावशी, अंगठा लावायच्या आधी वाचून घ्या.’

चिमण : परत नाय घेत का? बाजारात वांगं किडकं निघालं तरी बाई बदलून देती.

सुरज : घेतात. दोन तासांच्या आत खेळून परत केलं तर सगळे पैसे परत. माझे एक तास एकतीस मिनिटं झालेत. करणारच आहे परत.

जयवंती : मग कर आणि बंद कर. सुदामच्या जीपला दोनच माणसं कमी आहेत. ती आली की हॉर्न मारेल.

सुरज : थांब, अजून काय काय दिलंय ते बघून घेतो. परत करताना कारण लिहायचं असतं. मी सगळं लिहिणार आहे, सोडणार नाही. हे बघ, सात प्रकारचे दिव्याचे खांब. बदकं. पर्यटकांसाठी होडी. आणि पूर.

जयवंती : पूर?

सुरज : पाऊस पाडायचा आणि नद्यांना पूर आणायचा. तेच मुख्य म्हणून जाहिरात केलीये.

जयवंती : पुरासाठी पैसे मोजणारा पहिला माणूस माझ्या भावाच्या रूपानं पाहिला. अरे, आपल्याकडे फुकट येतो! घरपोच!

चिमण : सुरज, हा आपला नाला हाय?

सुरज : हो बाबा.

चिमण : हा नाला न्हवं. ही वाट हाय पाण्याची. रेघ हाय नुसती.

सुरज : सॅटेलाइटच्या फोटोत अशीच दिसते.

चिमण : कवा काढला फोटू?

सुरज : मे महिन्यातला असेल. पावसात ढग असतात, खालचं काही दिसत नाही.

चिमण : मंग तुझा सॅटेलाइटबी साहेबच हाय.

जयवंती : खरंच की! साहेबसुद्धा माघातच येतात, नाही तर वैशाखात. नाला आटल्याशिवाय त्यांची गाडी पलीकडे जात नाही. बूट काढायला नको, पँट वर करायला नको. चिंचेच्या सावलीत उभे राहतात, नारळपाणी पितात आणि म्हणतात, ‘इथे टाकू.’

चिमण : ज्या नाल्यावर मोरी टाकायची, तो नाला त्यांनी कवा बघितलाच नाय.

सुरज : पण बाबा, कागदावर जागा चिंचेचीच आहे. रस्ता सरळ तिथेच येतो.

चिमण : रस्ता येतो. पाणी रस्त्याला इचारून येतं का? आधीची मोरी कुठं होती? चिंचेपाशीच ना? तीन पाइप टाकले होते. त्या कामावर मीच होतो. पहिल्या दिशी मुकादमाला बोल्लो, इथं वरचा ओहोळ येऊन मिळतो, पाणी मोरीखालनं जायचं नाय, बाजूनं फिरंल. वर गंगीच्या खाचरापाशी चला, तिथं दोन्हीकडं खडक हाय, पाणी आकसून जातं. तर काय बोल्ला म्हाईत हाय?

जयवंती : माहीत आहे, बाबा.

चिमण : ‘चिमण, तू घमेलं उचल.’ समदे हसले. साहेबबी हसला. मी उचललं. आषाढात पाइप एकीकडं, रस्ता एकीकडं.

सुरज : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

चिमण : काय सांगायचं त्यात? घमेलंच उचललं ना मी.

जयवंती : आणि त्यानंतरच्या श्रावणात रूपीला बाळंतपणासाठी आम्ही चादरीच्या झोळीतून नेलं. चौघे पुढे, मी मागे, पाणी माझ्या छातीला. मूल नाला ओलांडल्या ओलांडल्या झालं, दगडावर. दोघं जगली म्हणून आज इथे बसून हसतोय. माझ्या वहीत यंदाच्या श्रावणात तीन नावं आहेत, सुरज. एक तुझ्या बायकोचं आहे.

सुरज : निलमला मी आधीच कास्याला आणून ठेवीन.

जयवंती : ठेवशील. तुझं दुकान आहे, मागे खोली आहे. बाकीच्या दोघींना कुठे ठेवतोस, ह्या बदकांत?

सुरज : तुला काय वाटतं, मला कळत नाही? म्हणूनच तर घेतलं ना हे भिकार एक्सपान्शन! जाऊ दे. करतो परत. कारण लिहितो, पूल खोटा, पूर खोटा...

जयवंती : पूर कशावरून खोटा? पाडून तरी बघ. पैसे दिलेत.

सुरज : बघा. हा पाऊस. पाणी बघा कसं जेलीसारखं चाललंय. रंग बघा, स्विमिंग पूलचा. आपल्या नाल्याचं पाणी असं निळं असतं का? काहीच्या काही.

चिमण : थांब.

सुरज : थांबतोच. बंद करतो.

चिमण : बंद नको करू. थांब बोल्लो. हे पाणी कुठं चाललं?

सुरज : खाली.

चिमण : खाली नाय. बघ नीट. चिंचेपाशी आलं... आता फिरलं. बघ, बघ! मोरी ठेवली तशीच आन पाणी गेलं बाजूनं. गंगीच्या खालच्या वावरात शिरलं. तिथनं शाळंच्या मागं. जयवंते, बघितलंस?

जयवंती : अगदी तसंच आलं, बाबा. शाळेच्या मागे डबकं होतं ना, ते पण झालं.

चिमण : ह्याला कोणी सांगितलं?

सुरज : कुणीच नाही. जमिनीचा चढउतार मी भरलाय. पाणी उताराकडे जाणार, एवढंच त्याला कळतं.

चिमण : एवढं कळतं त्याला?

सुरज : एवढंच कळतं.

चिमण : मंग सोळाशे लय नाय झाले. साहेबाला पगार किती असंल?

जयवंती : बाबा, तू पण?

चिमण : ती मोरी काढ तिथनं. वर घे. अजून वर. हां, इथं, जिथं दोन्हीकडनं जमीन वर आली. इथं ठेव.

सुरज : बाबा, तो शोभेचा पूल आहे. माणसं चालणार नाहीत त्याच्यावर.

चिमण : माणसं नकोत मला. पाण्याला कळत नाय पूल शोभेचा हाय का कशाचा. पाड पाऊस.

सुरज : पाडला.

चिमण : जोरात. हा तर आपला ज्येष्ठातला. आषाढातला पाड.

सुरज : ह्याच्यापुढे आकडाच नाही. हा शेवटचा.

जयवंती : खालून गेलं सगळं.

चिमण : खालनंच जाणार.

जयवंती : पूल कोरडा आहे.

चिमण : कोरडाच राहणार. चार वर्सं बोंबलतोय.

जयवंती : सुदामनं हॉर्न मारला. जीप भरली वाटतं. चला, बाबा.

चिमण : जाऊ दे त्याला. परत पाऊस पाड, सुरज. एकदा चिंचेपाशी, एकदा वर. दोन्ही जपून ठेवता येतात का?

सुरज : येतात. रेकॉर्ड करतो. पण बाबा, वेळ बघ. एक तास अठ्ठावन्न झाले. आत्ता परत केलं तर केलं. मग नाही घेत ते.

जयवंती : आणि उद्या साहेबांसमोर काय, गेम लावणार? पोट धरून हसतील. म्हणतील, आशाताई, तुमच्या भावाला दुसरं काम नाही का?

चिमण : हसू दे. मी तोंडानं सांगितलं तवाबी हसलेच होते. हसणं काय नवीन हाय? पण आता हसून झालं की पडद्याकडं बघतील. माणसाच्या तोंडाकडं कोण बघत नाय, पडद्याकडं समदे बघतात. दुकानात बसून तूच बघतेस ना त्या मोबाइलात.

जयवंती : मी लसीकरणाचं बघते.

चिमण : मंग हेबी लसीकरणच हाय. श्रावणाच्या आधीचं.

सुरज : एक तास एकोणसाठ.

जयवंती : सुदाम निघाला बघा. गेली जीप. आता तासभर दुसरी नाही.

चिमण : चिंचेपाशी ठेव परत. पाड पाऊस.

सुरज : दोन तास झाले. गेले पैसे.

जयवंती : छान. सोळाशे नव्व्याण्णव रुपये देऊन माझ्या भावाला कळलं की पाणी खालच्या बाजूला वाहतं. आता साहेबांना कळायला किती पडतील देव जाणे.

सुरज : मी सांगेन ना त्यांना नीट. रात्री तयारी करतो. चढउतार कुठून घेतला, पाऊस किती धरला, सगळं इंग्लिशमध्ये लिहून काढतो. बाबा, तू घाबरू नको, तुला काही बोलावं लागणार नाही.

चिमण : खडक किती हातांवर लागतो ते लिहिशील?

सुरज : ते... नाही माहीत.

चिमण : वरच्या ओहोळाचं पाणी आधी येतं का नाल्याचं?

सुरज : ते गेममध्ये एकदमच येतं.

चिमण : ओहोळाचं आधी येतं. अर्ध्या तासानं नाला. मुकादम कुठं चुकला, पाइप किती आत पुरले होते, ते कुठं लिहिलंय तुझ्या त्या पुरवणीत?

सुरज : कुठे नाही.

चिमण : मंग उद्या बोलन मी.

जयवंती : साहेबांसमोर? तू?

चिमण : मी.

सुरज : मग मी काय करू, बाबा?

चिमण : तू मशीन उचल.